प्रकाशक : उत्कर्ष इंगोले

२ जून, रिसोड
ऑफिसात पहिला दिवस! सासूबाईनं दही हातावर ठेवलं, मी आली झोकात. उत्कर्षच्याच खुर्चीवर बसली. तो जाऊन चार महिने झाले. वाटलं रडीन, पण नाही रडली बापा. त्याचे भागीदार विकासभाऊ यांनी काम समजावलं. खत-बियाण्याच्या दुकानांसाठी आपलं बिलाचं सॉफ्टवेअर. नवी फाइल निघाली का तिच्यावर डिजिटल सही करायची, मंग दुकानदाराचा कॉम्प्युटर बिनबोभाट घेते. सहीचं प्रमाणपत्र पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये, अजून उत्कर्षच्याच नावाचं. विकासभाऊ म्हणे, गेलेल्या माणसाची सही चालत नाही, रद्द करू. मीच म्हटलं, राहू द्या थोडे दिवस. सही केली तर पडद्यावर ‘प्रकाशक : उत्कर्ष इंगोले’ असं आलं. लय बरं वाटलं.

९ जून
फोल्डरात मी न केलेली फाइल. सही उत्कर्षची, कालची! टोकन तर माझ्या पर्समध्ये होतं. उघडली अन् माय वं, त्याचा आवाज! कशी हायेस, इचारलं त्यानं. दिवसभर तेच ऐकत बसली. विकासभाऊले नाही सांगतलं. नवरा माझा, काहून सांगू?

१४ जून
ती फाइल आपोआप दुकानांत पोचली. केनवडच्या दुकानवाल्या चंपाबाईच्या कॉम्प्युटरात त्याच फाइलीतून तिचा वारलेला पोरगा बोलून राह्यला. बाई जागची उठत नाही, पाणीही घेत नाही. विकासभाऊ माझ्यावर भडकले. म्हणे, सही कोणाची ते कॉम्प्युटर पाहते, आत काय हाय ते नाही. आजच्या आज रद्द कर, फाइल सगळीकडं बंद पडते.
रद्द करणं म्हणजे त्याले पुन्हा सरणावर ठेवणं. माझ्यानं नाही झालं.

१६ जून
चंपाबाई गेली. बसल्या जागीच. मी उशीर केला — मीच —

१७ जून
केलं रद्द.
करताना तो हाका मारत होता. रूपा, रूपा. उत्कर्ष मले कधीच रूपा म्हणाला नाही. रूपेच म्हणे. म्हणजे हा तो नाही — मले समजते —
सगळ्या दुकानांत बंद पडलं. विकासभाऊचा फोन आला, बरं केलं म्हणे.
माझ्या पडद्यावर लाल पट्टी. या प्रकाशकावर भरवसा नाही. खाली बारीक अक्षरात, तरीही चालवा.
आवाज तर त्याचाच होता ना —
एकडाव. बस एकडाव ऐकते, मंग मी —