किनारा दिसत होता काय

शके १७०४, पौष शुद्ध तृतीया

जावई परत आले! टोपीकर इंग्रजाशी तह झाला, गलबतावरच्या तोफा उतरवल्या, माणसंही उतरवली. मस्कतहून खजूर आणणारं ते व्यापारी गलबत. लढाई पेटली तेव्हा सरकारनं त्याच्यावर तोफा चढवल्या आणि दारूगोळ्याची देखरेख करायला नारायण पेठेतले दोन ब्राह्मण धाडले – आमचे दीनानाथ आणि शेजारच्या आनंदीबाईंचा मुलगा बाळ. दोघांना पोहता येत नव्हतं. सरकारी नेमणुकीत तेवढं पाहत नाहीत.

दीनानाथ आले. बाळ गोळा लागून गेला.

आमची श्यामला दाराआडून पाहत होती. लग्न लहानपणीच झालंय, आता माघात सासरी धाडायची. दीनानाथांना आईवडील नाहीत; सासर म्हणजे ते एकटेच. पोरगी आज उगीचच हसते आहे. मीही हसलो असेन, आमच्या हिनं विचारलं, ‘बरं आहे ना?’

पौष शुद्ध पंचमी

दीनानाथ आनंदीबाईंकडे जाऊन आले. बाईंनी एवढंच विचारलं म्हणे – ‘अग्नी दिलात का रे?’ जावई म्हणाले, ‘काकू, किनारा कुठंच नव्हता. पाण्यातच सोडावं लागलं.’ म्हातारी म्हणाली, ‘मग तुमचा काय इलाज.’ जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यांना.

पौष शुद्ध नवमी

दरबारात शेलापागोटं मिळालं. जावयाला, आणि गलबत हाकणारा तांडेल अय्युब याला. शत्रूला भर समुद्रात पिटाळलं म्हणून. श्रीनिवासशास्त्र्यांनी खास श्लोक रचला होता. अर्थ असा की जमीन दिसेना, आधार दिसेना, तरी वीर हटले नाहीत. ‘जमीन दिसेना’ला शास्त्रीबुवांनी उपरण्यानं डोळे टिपले. मीही टिपले. उगाच खोटं कशाला लिहू.

पौष शुद्ध एकादशी

उपास. मस्कतचा खजूर खाल्ला. चांगला होता.

पौष शुद्ध द्वादशी

शास्त्रीबुवांकडे पारण्याची पंगत. वाढपी दीनानाथांच्या पानाशी आला आणि शास्त्रीबुवांनी त्याला हातानं थांबवलं. ‘हे समुद्र उल्लंघून आलेत. पंगतीचा लाभ कसा व्हावा?’ परवा श्लोक म्हणणारं तोंड तेच, पान तेवढं वेगळं! अख्खी पंगत पत्रावळीकडे पाहत बसली, जणू आजवर पत्रावळ पाहिलीच नव्हती. जावई उठून गेले. मी बसलो होतो तो बसूनच राहिलो आणि भातही कालवला.

समुद्र ओलांडणारा अशुद्ध. असल्याच गलबतातून आलेला खजूर मात्र एकादशीला चालतो. तो बहुधा पोहत आला असावा.

घरी आलो तर ही चुलीपुढे रडत होती. ‘अहो, पंक्तीबाहेरच्या घरात पोरीला कशी धाडायची?’ श्यामला निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली.

पौष शुद्ध त्रयोदशी

शास्त्रीबुवांना भेटलो. शास्त्र फार सोयीचं आहे! किनारा दिसत असेल तर ते समुद्रगमन नव्हे, नदीतून गेल्यासारखंच. किनारा दिसेनासा झाला की पाप. म्हणजे प्रश्न एकच – किनारा दिसत होता काय? वद्य द्वितीयेला देवळाच्या मंडपात सभा. साक्षीदार आणा म्हणाले.

मी म्हटलं, ‘पण दरबारात आपण जमीन दिसेना म्हणालात.’ तर म्हणे, ‘दिगंबरपंत, दरबारचा समुद्र वेगळा, शास्त्राचा वेगळा.’ या माणसाला कारभारी करायला हवं.

पौष पौर्णिमा

अय्युब तांडेल अजून पुण्यातच आहे. त्याला गाठला. म्हटलं, तुला एवढंच म्हणायचंय – किनारा दिसत होता. तो म्हणाला, ‘पंत, दरबारात तर उलटं बोलायला लावलं.’ म्हटलं, ते दरबारात. त्यानं डोकं खाजवलं. ‘तुमच्या पुण्यात मला भोवळ येते. बोटीवर कधी आली नाही.’ तयार झाला. दीनानाथांसाठी काहीही करीन म्हणाला.

जावयांना कळवलं. ते नको म्हणत होते. मी श्यामलाचं नाव काढलं, तेव्हा हट्ट सोडला. मी फार हुशार माणूस आहे.

पौष वद्य द्वितीया

सभा झाली. ब्रह्मवृंद मंडपात, अय्युब खाली अंगणात उन्हात.

शास्त्रीबुवांनी विचारलं, किनारा दिसत होता काय? अय्युब म्हणाला, ‘दिसत होता.’ तिथं थांबावं ना! म्हणाला, ‘नारळाची झाडं दिसत होती.’ सगळे माना डोलवू लागले तसा त्याला हुरूप आला. ‘विहिरीवर बायका पाणी भरत होत्या, त्याही दिसत होत्या.’ लढाई चालू असताना! मी एवढं शिकवलं नव्हतं. पण मंडळी प्रसन्न. शास्त्रीबुवा म्हणाले, ‘दोष नाही. उद्याच पंगत घालू.’ एकजण लगेच विचारायला लागला, जिलबी की बुंदी.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आनंदीबाई उठल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘दीनानाथ, इतका जवळ होता किनारा? मग माझ्या बाळला पाण्यात का टाकलंस? लाकडं मागितली असतीस तर त्या विहिरीवरच्या बायकांनीसुद्धा दिली असती.’

मी मान खाली घातली. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

जावई उठले. ‘काकू, किनारा नव्हता. चोहोकडे पाणीच होतं. हे सगळं मला वाचवायला चाललंय. मी तुमच्याशी खोटं बोललो नाही.’ म्हातारी पुन्हा खाली बसली. ‘मग ठीक आहे,’ म्हणाली. ठीक आहे!

शास्त्रीबुवांची पंचाईत झाली, पण क्षणभरच. म्हणाले, तर मग प्रायश्चित्त घ्या. क्षौर, पंचगव्य, आणि सभेत म्हणा – त्या गलबतावर गेलो हे पाप केलं.

‘क्षौर करतो,’ जावई म्हणाले, ‘शेणही खातो. पण ते म्हणणार नाही. मी पाप केलं तर बाळनंही केलं. त्याच्या आईसमोर हे म्हणू?’

वाळीत टाकलं. त्यांच्या घरी जो जेवेल तोही वाळीत. जिलबी-बुंदीचं कोणी काढलं नाही.

पौष वद्य तृतीया

सरकारनं दिलेलं शेलापागोटं परत मागवलेलं नाही. दरबारच्या समुद्रात जावई अजून वीरच आहेत.

पौष वद्य अष्टमी

चौघे येऊन सांगून गेले – पोरीला माहेरीच ठेवा, पेठ तुमच्या पाठीशी आहे. पेठ माझ्या पाठीशी! आजवर पाण्याची घागर उचलायला कोणी आलं नव्हतं.

ही म्हणते ठेवून घेऊ. नवरा जिवंत असून पोरगी आयुष्यभर आमच्या परसात तुळशीला पाणी घालणार. मला भीती वाटते, हे इथं तरी लिहावं. उद्या मी गेलो तर खांदा द्यायला कोण येईल, हाच विचार सारखा येतो.

पौष वद्य अमावास्या

श्यामलानं आज विचारलं, ‘आबा, मला विचारणार का कोणी?’ विचारलं. म्हणाली, ‘मला त्यांच्याकडे जायचंय.’ आणि पुन्हा कामाला लागली.

माघ शुद्ध पंचमी

श्यामलाला भर दुपारी पेठेतून चालत नेऊन पोचवली. ओट्याओट्यावर लोक होते. आनंदीबाई आधीच येऊन चुलीशी बसल्या होत्या. मी दारातून परतणार होतो. पोरीनं माझं पान मांडलं, दीनानाथांच्या शेजारी. बसलो. जेवलो. भात दोनदा मागून घेतला.