दोन बिऱ्हाडांचा कॉम्प्युटर

चाचा, आज आपल्या छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलं आणि सुरू होताना येणारी दोन नावांची यादी आलीच नाही. तुमच्या वेळेपासून इथे एकाच डब्यात दोन बिऱ्हाडं आहेत, उर्दू कंपोजिंग विंडोजवर, मराठी लिनक्सवर. सरळ विंडोज उघडलं आणि मराठीचं बिऱ्हाड नाहीसं झालं.

अमरावतीतल्या याच दुकानातली ती दुपार आठवली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकांपेक्षा तेरवीच्या जास्त येत. बाकावर एक माणूस बसलाय. त्याच्या गेलेल्या धाकट्या भावाचा एकमेव फोटो ओलसर होता, आदल्या दिवशी स्कॅनरच्या काचेला चिकटून फाटला. आता स्कॅन झालेला तो चेहरा फक्त लिनक्सच्या भागात आहे, आणि व्हायरस लागला म्हणून मी सकाळी विंडोज टाकल्यापासून तो भागच दिसत नाही. मी घाईने लिनक्सची सीडी घालते. डिस्क फॉरमॅट करून सगळं पुसायचं का, असं पडद्यावर येतं. माझं बोट एंटरवर.

"हात काढ," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, म्हणून जास्त लागलं. "घाबरून काहून राहिली बेटा? घर हाये तिथंच हाये. दार दाखवणारा गेला फक्त. आधी पाह्य, मंग हात लाव."

डिस्कवर काहीही न लिहिता, सीडीवरूनच तुम्ही मला आत पाहायला लावलंत. फोल्डर उघडलं. तो होता, लग्नातला फेटा बांधलेला. बाकावरचा भाऊ उठून आला आणि टेबलाची कड धरून उभा राहिला. मग तुम्ही सांगत गेलात, मी टाइप करत गेले. तो दार दाखवणारा, म्हणजे बूटलोडर, पुन्हा बसला, दोन्ही नावं आली.

फोटोसाठी मी घाबरले होते, असं तुम्हाला वाटलं. होतंही तसं. पण तेरवीचं काम आलं की मी आधी गावाचं नाव वाचायचे. त्या माणसाचं गाव तिवस्याजवळचं, आमच्या गावाशेजारचं होतं. बाबाही शेतकरीच, तेव्हा घरी एकटे होते आणि जेवताना बोलेनासे झाले होते.

आजही आधी पाहिलं, मग हात लावला. यादी परत आली. हे पत्र मराठीच्या भागात राहील, तुम्ही गेल्यावर पाठवणार कुठे?

बाबा आता खूप बोलतात. आत्ता त्यांच्याच नंबरवरून फोन येतोय. तरी चाचा, त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत मी हॅलो म्हणत नाही.