मायच्या खाटेची जागा

प्रिय माय,

काल ऑफिसातला सुनील घरी आला होता. त्याने पिंप्राळ्यातच नवीन फ्लॅट घेतलाय. "साहेब, माझ्या हॉलला कोणते स्पीकर घेऊ?" मी तासभर शिकवलं त्याला. आधी खोली मोज, मग दुकानात जा. लहान खोलीत मोठा स्पीकर नुसता घुमतो. बिचारा मोबाइलमध्ये लिहून घेत होता. जाताना भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघून म्हणाला, "आईंनाही गाण्याची आवड असेल ना?"

मी नुसतं 'हो' म्हणून दार लावलं. म्हणून हे पत्र.

चोपड्याहून आलीस तेव्हा आठ दिवस गप्प होतीस. मग हॉलच्या खिडकीशी तुझी खाट टाकली आणि तुझं गाव तुला परत मिळालं! भाजीवाली, शाळेची पोरं, समोरच्या अक्का, सगळ्यांशी तिथूनच गप्पा.

स्पीकरचा दुकानदार माप घ्यायला आला, तेव्हा तू खाटेवरच होतीस. तो म्हणाला, "भाऊ, खोली दहा बाय बारा. मोठे स्पीकर इथे गुरगुरतील. लहान घ्या, आजींची खाट हलवायलाही नको."

"मला मोठेच हवेत," मी म्हणालो. तुझ्यासमोर.

तू स्वतःच उशी उचललीस. "माले काय, कोठेबी झोप लागस." का म्हणालीस तसं? एकदा तरी भांडायचंस की गं माझ्याशी!

मागच्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्यांची भिंत. तुझं बोलणं आटत गेलं. खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं.

आणि दुकानदाराचं बरोबर होतं. पहिल्याच दिवशी कळलं मला, तबला नुसता ढबढब वाजत होता. पण चूक कबूल केली असती, तर तुझी खाट परत आणावी लागली असती.

त्या रविवारी दुपारी शोभा माहेरी गेली होती. घरात आपण दोघंच. तू हाक मारलीस, "बापू!" मग पुन्हा. मी स्पीकरचा आवाज वाढवला.

तासाभराने आत आलो. तू फरशीवर होतीस. लुगडं ओलं झालं होतं. मला बघून तू आधी तेच झाकायला लागलीस.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ पडून होत्या? घरी कोणी नव्हतं का?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "पोऱ्या घर नव्हता."

मोडलेला खुबा घेऊन एकोणीस दिवस काढलेस. एकदाही मला टोचून बोलली नाहीस. मीही कधी माफी मागितली नाही.

धुळ्याची ताई तेव्हा माझा हात धरून रडली. "तू घरी असतास तर वाचली असती रे माय!" मी मान डोलावली. अजूनही ती पाहुण्यांना हेच सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकतो.

माय, येत्या रविवारी धुळ्याला जातोय. ताईला समोर बसवून सांगणार आहे, मी घरीच होतो. तुझ्या हाका मी ऐकल्या होत्या. ती विचारेल, "मग उठला का नाहीस?" तेव्हाही खोटं बोलणार नाही, हा शब्द देतो तुला. सांगेन, मला उठायचा कंटाळा आला होता.

तुझा,
बापू