दुसरा पेला

उदगीर, रविवार, दिवेलागणीला

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर द्राक्षरसाचे दोन पेले. धर्माबादहून आलेल्या उपदेशकानं मांडले. एक आम्हा जुन्या कुटुंबांसाठी, दुसरा मांगवाड्यातून नव्यानं आलेल्यांसाठी. म्हणे, "लोकांना सांभाळून घ्यावं लागतं."

मंडळीत खोटा शिक्षक शिरू नये, ही राखण माझ्याकडे. शाळेत न जाता शास्त्र पाठ केलेला मी! या उपदेशकाचा इम्तिहान मीच घेतला. अध्याय, वचन, एकही चूक निघाली नाही. मग आज मी तोंड का उघडलं नाही? पहिला पेला माझ्या हाती आला आणि मी प्यालो.

मांगवाड्यातला मारुती उठला, मला म्हणाला, "काका, असला दुसरा पेला आम्हाला हाटेलातबी मिळत व्हता की! त्याच्यासाठी येशू कशाला पायजे?" बायकोपोरं घेऊन निघून गेला.

उपदेशकाला उद्या हाकलतो, ते सोपं आहे. पण तो दुसरा पेला त्यानं मनानंच मांडला, की माझी वागणूक पाहून? बाप्तिस्म्याआधी मारुतीला मीच शिकवलं, त्याच्याच ओसरीवर बसून. दर वेळी त्याची बायको पाणी आणायची. दर वेळी मी म्हणायचो, तहान नाही.

उद्या जाऊन मागितलं, तर देईल का ती?