संघाचा इतिहास, बसमधून

प्रिय जावईबापू (पूर्वीचे कॅप्टनसाहेब) यांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या धाकट्या बहिणीला माझे आशीर्वाद सांगा, पण हे पत्र आधी तुम्हीच वाचा, कारण ती उगाच काळजी करते. (हा स्वभाव आमच्या घरात तिचाच.) माझी तब्येत उत्तम आहे. फक्त झोप लागत नाही, घास गिळवत नाही आणि छातीत धडधडतं. बाकी काही नाही.

कारण असं, की विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला पन्नास वर्षं झाली. त्याचा इतिहास लिहायला एक प्राध्यापक नेमलेत. ते माझ्याकडे आले, चहा प्याले आणि "तुम्ही संघाच्या बसचे ड्रायव्हर, म्हणजे पहिल्यापासून सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस" असं स्वतःच म्हणून स्वतःच लिहून घेतलं. मी सांगणार होतो, पण शिकलेला माणूस लिहीत असला की मध्ये बोलायचा मला धीर होत नाही. आता निमंत्रणपत्रिका छापून आली आहे. तीत माझ्याबद्दल 'संघाचा प्रत्येक सामना पाहिलेले' असं ठळक अक्षरांत आहे. तुमचा नातू ज्या अंतिम सामन्यात खेळणार, त्याच्या आधी माझा सत्कार, आणि मग मी पहिल्या रांगेत बसून सामना बघायचा.

जावईबापू, मी एकही सामना पाहिलेला नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी नवा नोकरीला लागलेलो. हौसेने आत येऊन दाराशी उभा राहिलो आणि तोवर पुढे असलेला आपला संघ मागे पडू लागला. तुम्ही घाम पुसत आलात आणि म्हणालात, "ड्रायव्हर, जरा बाहेर थांबता का?" मी बाहेर गेलो, आपण जिंकलो. झालं! कॅप्टन बदलले, प्रशिक्षक बदलले, तुम्ही तर माझ्या बहिणीशी लग्न करून मोकळे झालात, पण ड्रायव्हरला आत घ्यायचं नाही हा नियम काही बदलला नाही. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की ड्रायव्हर जितका लांब तितकं चांगलं. मग बस आधी फाटकाबाहेर, मग चौकात, मग पेट्रोल पंपाच्याही पलीकडे. ज्या वर्षी चषक मिळाला त्या वर्षी मला इतकं लांब पिटाळलं होतं, की विजयी संघ चषक घेऊन भर उन्हात बस शोधत फिरला. (आपला तो जिराफ होता ना, त्याला पुढे ठेवलं होतं, त्याला लांबचं दिसेल म्हणून.) सापडल्यावर सगळ्यांनी मिळून शिव्या मलाच दिल्या.

तेव्हा मला इतिहास माहीत आहे तो एवढाच, की जिंकले की सीटवर कुणी बसत नाही आणि हरले की प्रत्येकाला खिडकी हवी असते. एकदा परतताना माणसं मोजली तर बरोबर भरली, पण घरी आल्यावर त्यातला एक समोरच्या संघाचा निघाला. तो जिंकून नाचून दमलेला, म्हणून मागच्या सीटवर गाढ झोपलेला. आपला एक मात्र तिकडेच राहिला. (हे प्राध्यापकांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही.)

आता पेट्रोल पंपापलीकडचा माणूस एकदम पहिल्या रांगेत बसवायचा म्हणजे काय होईल, तुम्हीच सांगा. पोरगं वर्षभर राबलंय. माझ्या पायगुणाने हरलं तर धाकटीला काय तोंड दाखवू? पत्र लांबलं. सांभाळून असा.

तुमचा मेहुणा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुम्ही त्या दिवसापुरते आजारी पडा. फार मोठं नको, गुडघ्याचंच काही असू द्या. विद्यापीठात कळवा, की मेहुण्याला ताबडतोब पाठवा. म्हणजे मी सुटलो.

ता. क. दुसरा. नातू येऊन गेला. पत्र टेबलावर उघडंच होतं, त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि हसत सुटला. म्हणाला, "मामाआजोबा, तुम्ही बाहेर होतात तेव्हा आपण किती वेळा जिंकलो?" मी म्हटलं, चषक एकदा. "आणि हरलो किती?" मी बोटांवर मोजायला लागलो, बोटं पुरेनात, तर तो म्हणाला, "राहू द्या, मला सरावाला जायचंय." इतकी वर्षं हा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही, आणि तुम्ही शिकलेले असून तुमच्याही आला नाही.

ता. क. तिसरा. तुम्ही आजारी पडू नका. त्या दिवशी या आणि माझ्या शेजारी बसा, कारण टाळ्या कधी वाजवायच्या ते मला कळणार नाही. आणि आपण मागे पडायला लागलो तर माझ्याकडे बघू नका. या वेळी मी उठणार नाही.