चार गोल जागृतीच्या नावावर लावणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
परदेश दौरे समिती,
खाडीकाठ महिला फुटबॉल संघटना,
उलवे, नवी मुंबई.

अर्जदार : सौ. सरस्वती गोटीराम घरत, वय ४७, धंदा खानावळ, रा. जासई, ता. उरण.

विषय : दूरदेशीचे मैत्रीपूर्ण सामने बंद करण्याचा अर्जदाराचाच अर्ज मागे घेणे, ते सामने पुन्हा सुरू करणे व दि. २० सप्टेंबरच्या सामन्यातले चार गोल गोलरक्षक कु. जागृती घरत हिच्या नावावर लावणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २६ सप्टेंबर २०२५ चा अर्ज.
२) आपल्या समितीचा दि. १८ ऑक्टोबर २०२५ चा ठराव.

महोदय,

१. अर्जदार आपल्या ओळखीची आहे. २६ सप्टेंबरला आपल्या टेबलावरची काच जिने पाण्याच्या तांब्याने फोडली, तीच ही. काचेबद्दल अर्जदार दिलगीर आहे. या अर्जाचे अक्षर वेडेवाकडे येत आहे, त्याचे कारण कलम ८ मध्ये दिले आहे. तिथवर सांभाळून घ्यावे.

२. त्या दिवशीच्या अर्जात अर्जदाराने लिहिले होते की, तीन विमाने बदलून बावीस तास जायचे आणि नव्वद मिनिटे खेळायचे, तेही अशा सामन्यासाठी ज्याला ना कप, ना गुण, ना तक्त्यात जागा. बघायला एकेचाळीस माणसे आणि दोन कुत्री. जाताना मुलीचा जबडा एक होता, येताना त्याचे तीन तुकडे झाले होते. असले सामने कुणाच्या भल्याचे, ते ताबडतोब बंद करावेत, असे अर्जदाराने आपल्याला बजावले होते. समितीने ते ऐकले. ‘खेळाडूच्या मातेच्या भावनांचा आदर राखून व प्रशिक्षकांवरील हल्ला लक्षात घेऊन’ जानेवारीचा दौरा रद्द केला आणि २० सप्टेंबरचा सामना खेळलाच गेला नाही असे समजावे, असे ठरवले. ठराव हातात आला त्या दुपारी अर्जदाराने खानावळीत कंटेनरच्या ड्रायव्हर लोकांना सोलकढी फुकट वाढली. ती सोलकढी अर्जदाराला आजवर पचलेली नाही.

३. आता सामन्याविषयी. ज्या देशात तो झाला त्याचे नाव अर्जदाराला एका दमात घेता येत नाही, म्हणून त्याला ‘सदर देश’ म्हटले आहे. अर्जदाराने सामना दुपारी साडेतीनला एका ड्रायव्हरच्या मोबाईलवर, तो लोणच्याच्या बरणीला टेकवून बघितला. एकाहत्तराव्या मिनिटाला सदर देशाला कॉर्नर मिळाला. चेंडू वर होता आणि जागृती त्याच्याकडे बघत होती. त्यांची पाच नंबरची मुलगी, म्हशीसारखी खांद्यात भरलेली, चेंडूकडे बघत नव्हती. तिचे कोपर जागृतीच्या गालाखाली बसले. जबडा डावीकडे गेला आणि तिथेच राहिला. चेंडू जाळीत. पंचाने साधी शिट्टी वाजवली नाही. अर्जदाराच्या हातात कांदा कापायची सुरी होती, ती लाकडी ओट्यात रुतली, त्याची खूण बघायला मिळेल.

जागृती उठली. तोंडातून रक्ताची तार हनुवटीवरून बनियनवर. तिने हातमोजा काढला, त्यात दोन दात थुंकले आणि तो गोलच्या खांबामागे ठेवला. दुसरी गोलरक्षक मोनाली तापाने हॉटेलात पडून होती. प्रशिक्षक अभिराम सरांनी हात हलवून बाहेर बोलावले, तिने मान हलवून नाही म्हटले, आणि मान हलवताना जबडा वेगळा हलला. पुढच्या कॉर्नरला तिने चेंडू मुठीने बाहेर काढला आणि त्याच मुठीत पाच नंबरची भुवई उसवली. मग दोघी रक्ताळलेल्या. अशी ती एकोणीस मिनिटे उभी राहिली. त्यात आणखी एक गोल झाला. सामना आपण चार-शून्य हरलो. आधीच्या दोन गोलांत तिची चूक होती, हे अर्जदारालासुद्धा कळले.

४. सामना संपल्यावर पाच नंबर जागृतीजवळ आली. एक डोळा मिटलेला. भाषा एकमेकींची येत नाही. तिने तोंडात बोटे घातली, आपले वरचे दोन दात काढले आणि तळहातावर धरून दाखवले. नकली होते. जागृती मोडक्या जबड्याने हसली. त्या हसण्याने जबडा आणखी सरकला, असे डॉक्टर म्हणाले. अर्जदाराने तेव्हा याला नालायकपणा म्हटले होते.

५. मुलगी घरी आली ती तोंड तारांनी बांधलेली. सहा आठवडे बोलणे बंद, भाताची पेज आणि डाळीचे पाणी. बोलायचे ते वहीत लिहून. सामने बंद झाल्याचा ठराव अर्जदाराने तिला मोठ्या हौसेने वाचून दाखवला. तिने पेजेची वाटी भिंतीवर फोडली. मग खानावळीच्या फळीवर तिचे नऊ चषक होते, ‘सर्वोत्कृष्ट गोलरक्षक’ असे लिहिलेले, ज्यांत अर्जदार चमचे आणि पापडाचा चिमटा ठेवते, ते तिने एकेक करून कांद्याच्या रिकाम्या पोत्यात भरले. चमच्यांसकट. आणि दोन दिवस पेजेला तोंड लावले नाही.

तिसऱ्या दिवशी तिने वहीत लिहिले : ‘मला तिथं कुणी घाबरलं नाही, आई.’

अर्जदाराला अर्थ लागला नाही. तेव्हा तिने सगळे लिहिले. आठ पाने. ते वाचल्यावर अर्जदाराची पहिली चूक अर्जदाराच्या लक्षात आली, म्हणून पुढचे कलम लिहिणे भाग आहे.

६. अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ सदू, भरावाचे डंपर चालवतो, म्हणजे माणसे लावून चालवतो. आई लवकर गेली, तेव्हा अर्जदाराने त्याला कडेवर वाढवला. उलव्यापासून जासईपर्यंत त्याचे नाव घेतले की माणसे खुर्ची देतात. जागृती बारा वर्षांची असताना एका मुलीच्या धक्क्याने तिचा गुडघा खरचटला होता. त्या संध्याकाळी सदूने त्या मुलीच्या बापाला त्याच्या टपरीसमोर फरफटत आणून त्याचे तोंड डंपरच्या चाकावर आपटले, चाकाला दात चिकटेपर्यंत. हे अर्जदाराला माहीत नव्हते. मैदानावर मात्र सगळ्यांना माहीत होते. त्या दिवसापासून जागृतीच्या गोलसमोर कुणी घुसले नाही. पुढे आलेली मुलगी तिला बघून चेंडू बाहेर मारायची. गोल झालाच तर पंच ऑफसाइड म्हणायचे. एका पंचाने तसे म्हटले नाही, तो पुढे चार महिने काठीवर चालला. नऊ चषक असे आले.

अर्जदार स्वतः यातून सुटत नाही. चार वर्षांमागे खानावळीत एका ड्रायव्हरने अर्जदाराचा पदर ओढला. सदूने त्याचा पंजा तापल्या तव्यावर दाबून धरला. कातडीचा वास दुपारपर्यंत जात नव्हता, त्यात भाकऱ्या भाजल्या. त्या दिवशी अर्जदाराने भावाला दोन बांगडे जास्त वाढले. तेव्हापासून खानावळीत कुणी मोठ्याने हाकसुद्धा मारत नाही आणि गॅसचा सिलेंडर सगळ्यांच्या आधी येतो. अर्जदाराला ते आवडत होते. मुलगी आठ वर्षे काय गिळत होती, ते तिने विचारले नाही.

७. प्रशिक्षक अभिराम सरांच्या बाबतीत. २९ सप्टेंबरला सकाळी मैदानाच्या लोखंडी फाटकात त्यांचा उजवा हात ठेवून फाटक बंद करण्यात आले. दोनदा. चार बोटे मोडली. त्या हाताने ते मुलींना चेंडू फेकून सराव द्यायचे. सरांनी पोलिसांत ‘अज्ञात इसम’ असे लिहून दिले. त्यांना दोन लहान मुली आहेत, त्यामुळे अर्जदार त्यांना नावे ठेवत नाही.

तो इसम अज्ञात नाही. फाटकाला आदल्याच दिवशी निळा रंग दिला होता. सदू त्या सकाळी तिथून तडक खानावळीत आला, हात पुढे केले आणि म्हणाला, ‘ताय, हा रंग निघत नाय, रॉकेल दे.’ अर्जदाराने रॉकेल दिले, फडके दिले. कुणाला मारलेस, असे विचारल्यावर तो जेवता जेवता म्हणाला, ‘ती पाच नंबर माज्या हाती लागनार नाय. मंग जो हाती लागला त्याला धरला.’ अर्जदाराने तेव्हा ते कुणाला सांगितले नाही. फडके मात्र तिने टाकले नाही. का टाकले नाही, ते तिलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

८. वहीतली आठ पाने वाचून अर्जदार जवळजवळ तीन आठवडे रोज पोलीस ठाण्याच्या रस्त्याने बाजारात गेली आणि परत आली. ८ नोव्हेंबरला ती आत गेली आणि सदूचे पूर्ण नाव घालून जबाब दिला. फडके विळीवर कापून अर्धे तिथे जमा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सदू खानावळीत आला. त्याने उकळत्या डाळीचे पातेले लाथेने उडवले. फळी उखडली. जागृतीचे वडील गोटीराम मध्ये गेले, त्यांना गिऱ्हाइकाच्या बाकावर आदळले, बाक मोडला आणि त्यांच्या दोन बरगड्याही. मग त्याने भाकरीचा लोखंडी पाट उचलून अर्जदारावर हाणला. अर्जदाराने हात आडवा घातला. मनगट मोडले ते सगळ्यांनी ऐकले, बारा ड्रायव्हर होते. एकही उठला नाही, आणि का उठला नाही ते अर्जदाराहून जास्त कुणाला कळणार?

उठली ती जागृती. तारा काढून तिला आठवडाच झाला होता. ती मामाच्या आणि आईच्या मध्ये येऊन हात पसरून उभी राहिली, गोलमध्ये राहते तशी. मामाने पाट उगारला. ती हलली नाही. तोंड पुरते उघडत नव्हते, तरी म्हणाली, ‘मार, मामा. मला मारलेलं चालतं.’

सदूच्या हातातून पाट पडला. तो सांडलेल्या डाळीत खाली बसला आणि अर्जदाराच्या मनगटाकडे बघून विचारू लागला, ‘ताय, दुखतंय का?’ लहानपणी तो पडला की अर्जदार त्याला हेच विचारायची. अर्जदाराने त्याला हो म्हणून सांगितले. पोलीस येईपर्यंत तो तिथेच बसून होता. सध्या तो कोठडीत आहे, डबा अर्जदार पाठवते, आणि जबाब मागे घेणार नाही. हा अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे तो या कारणाने.

९. तेव्हा दूरदेशीचे मैत्रीपूर्ण सामने खेळण्यात काही राम आहे का, या प्रश्नावर अर्जदाराचे म्हणणे बदलले आहे. कप नाही, गुण नाहीत, बघायला दोन कुत्री, हे सगळे खरे. पण इथल्या मैदानावर आपल्या कितीतरी मुली कुणाची तरी पुतणी, कुणाची तरी भाची, कुणाची तरी होणारी सून म्हणून खेळतात. समोरची आधी त्या माणसाला बघते आणि मग चेंडूला. बावीस तास लांब गेल्यावर ती माणसे मागे पडतात. तिथे एका अनोळखी पोरीने अर्जदाराच्या मुलीला मनापासून कोपर मारले, आणि मुलीला आठ वर्षांत पहिल्यांदा कळले की आपण गोलरक्षक आहोत. अर्जदाराला तो जबडा अजूनही सहन होत नाही. पाच नंबर भेटली तर आधी तिच्या कानाखाली एक वाजवीन आणि मग तिला जेवायला वाढीन, असे अर्जदाराने ठरवले आहे. पण ती यायला हवी, किंवा आपण जायला हवे.

१०. सबब विनंती की,

(अ) अर्जदाराचा २६ सप्टेंबरचा अर्ज मागे घेतला असे धरावे. जानेवारीचा दौरा पुन्हा ठरवावा. जागृतीला त्यात घ्यावे असे अर्जदार म्हणत नाही. मोनाली चांगली खेळली तर मोनालीला न्यावे. निवड करताना कुणी मागे बघू नये, मागे आता कुणी नाही.

(आ) २० सप्टेंबरचा सामना झाला असे नोंदवावे. आणि चारही गोल कु. जागृती घरत हिच्या नावावर लावावेत, एकही कमी करू नये. तिला मिळालेली ही पहिली खरी गोष्ट आहे, ती समितीने काढून घेऊ नये.

(इ) नऊ चषक परत घ्यावेत.

दौरा ठरला तर अभिराम सरांची बॅग उचलायला अर्जदार विमानतळापर्यंत येईल. तिचाही एकच हात चालतो, पण दोघांचे मिळून दोन होतात.

हात बरा झाल्यावर काचेचे माप घेऊन जाईन.

आपली,
(डाव्या हाताची सही)
सौ. सरस्वती गोटीराम घरत
जासई, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) पोलिसांत दिलेल्या जबाबाची प्रत.
२) जबड्याचा एक्स-रे, जागृतीचा. मनगटाचा एक्स-रे, अर्जदाराचा. एकाच पाकिटात आहेत, मोठा आहे तो मनगटाचा.
३) चषक, नग नऊ, कांद्याच्या पोत्यात. आतले चमचे काढून घेतले आहेत.
४) निळा रंग लागलेले फडके, अर्धे. अभिराम सरांना दाखवावे, म्हणजे त्यांना नाव लिहिता येईल.