तेराची पहिली दोरी

दावणगेरे,
क्रोधी संवत्सर, चैत्र शुद्ध द्वितीया

प्रिय अक्कास,

चिद्दूचा शिरसाष्टांग नमस्कार. भावोजींनाही सांग. यंदा उगादीचा, म्हणजे पाडव्याचा, कडुनिंब-गूळ आम्ही दोघांनीच खाल्ला. सुलोचनाने पुरणाच्या होळिगे केल्या, सढळ हाताने तूप वाढलं, आणि वर डॉक्टरांचं नाव काढून चार शब्द ऐकवले. गुडघा बरा आहे. ऊन मात्र असं पडलंय की दुपारी पुस्तक हातात धरवत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचं माझं तुला ठाऊकच आहे. सकाळी वाचन, दुपारी डुलकी, संध्याकाळी डोशाच्या गाडीपाशी इतिहासावर वाद. सध्या निवडणूक, म्हणून प्रत्येक पक्षाला एकेक जुना वीर हवाय. परवा एक कार्यकर्ता घरी आला. त्यांच्या उमेदवाराच्या गावचा कोणी शूर पुरुष सापडेल का म्हणाला, जशी मंडईत कोथिंबीर मागावी. मी त्याला हाकलून दिलं. म्हणजे चहा पाजून हाकललं.

तुमच्या गावच्या किल्ल्यावरचा तो सिनेमा इथे अजून चालू आहे. मी तीनदा पाहिला. पाळेगाराचं चिलखत चुकीचं, तोफा चुकीच्या, राणी तर रणांगणावरही केस मोकळे सोडून फिरते. मी शेजारच्याला हे सगळं समजावत होतो, तर तो म्हणाला, गप्प बसा हो आजोबा. आणि ते दृश्य येतं, तुमच्या घरचा मूळपुरुष करियप्पा वेढ्याच्या वेळी शत्रूला किल्ल्याचं दार उघडून देतो ते, तेव्हा थिएटरात शिव्यांचा पाऊस पडतो. तिन्ही वेळा मी नेमका तेव्हाच पाणी प्यायला बाहेर गेलो.

तू फोनवर काहीच बोलली नाहीस. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष होन्नप्पा इथे बाजाराला आले होते, त्यांच्याकडून कळलं की पौर्णिमेच्या तेराला, देवाचा रथ ओढताना, पहिली दोरी यंदा तुमच्या घराच्या हातात नाही. फितुराच्या हाताने देव कसा ओढायचा, असं म्हणे गाव म्हणतं. भावोजींनी हॉटेलात चहाला जाणं सोडलंय, हेही त्यांनीच सांगितलं, आणि हसत सांगितलं.

अक्का, सिनेमावाल्यांनी ही गोष्ट माझ्याच लेखातून घेतली, पडद्यावर आभारांत माझं नाव झळकतं, हे काही तुझ्यापासून लपलेलं नाही. साप्ताहिकात लेख द्यायच्या आधी मी तुला विचारलं होतं. तू चुलीपाशी बसली होतीस. म्हणालीस, "खरं असेल तर लिही, चिद्दू. खरं असेल तर आम्ही सोसू." त्या एका शब्दाने आता मला झोप येत नाही.

कारण ते खरं नाही.

देवळामागच्या शिलालेखात लिहिलंय, विक्रम संवत्सरात करियप्पाने किल्ल्याचं दार उघडलं. नुसतं संवत्सराचं नाव, शक नाही. किल्ला पडला तोही विक्रम संवत्सरातच. मी दोन्हींची सांगड घातली, आणि नवा शोध लागल्याच्या आनंदात गावभर मिरवलो. संवत्सरांची नावं साठ वर्षांनी फिरून तीच येतात, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं, आणि स्वतः लिहायला बसलो तेव्हा विसरलो. करियप्पाचा विक्रम संवत्सर त्याच्या आधीच्या फेऱ्यातला. त्या साली मोठा दुष्काळ होता. दार त्याने बाहेर तडफडणाऱ्या गावांसाठी उघडलं, आतलं धान्य वाटायला. किल्ला पडला तेव्हा तो जिवंतही नव्हता.

हे मला कधी कळलं, तेही सांगतो. दिवाळीला तुझ्याकडे आलो होतो. परसात तुम्ही ज्या दगडावर कपडे धुता, त्याच्यावर उभा राहून पाय धूत होतो. साबण वाहून गेला आणि खाली अक्षरं दिसली. तो वीरगळ आहे, अक्का. करियप्पाचा नातू वेढ्यात त्याच दारात लढून मेला, असं त्यावर कोरलंय. खाली आजोबाचं नाव, आणि दुष्काळात दार उघडल्याचा उल्लेखही. तू टॉवेल घेऊन आलीस. विचारलंस, "काय रे लिहिलंय?" मी म्हणालो, "काही नाही, नक्षी आहे." आणि मग भावोजींनी पाटावर बसवून, मेहुणा म्हणून आग्रह करकरून वाढलं, आणि मी जेवलो. दोनदा भात घेतला.

तेव्हा सिनेमा लागायचा होता. एक फोन केला असता तर बदलता आला असता, निदान नाव तरी बदललं असतं. मी केला नाही. नाव पडद्यावर यायचं होतं ना माझं. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही. थुंकलीस तरी चालेल.

काल हिंमत करून होन्नप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, साठ वर्षं इकडची तिकडं झाली तर कोणाचं काय बिघडतं? लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय." पाहिलंय म्हणजे सिनेमात. वर म्हणाले, तेराला या, तुमचा सत्कार ठेवलाय. जुन्या लेखाची दुरुस्ती म्हणून साप्ताहिकाला पाठवलं, तर संपादक म्हणतात निवडणूक होऊ दे.

म्हणून हे तुला. पण हे एकटीने वाचून डब्यात ठेवू नकोस. आधी भावोजींना वाचून दाखव. ते उठून गेले तर जाऊ दे, माझी बाजू घेऊ नकोस. पौर्णिमेला मी येतोय. शाल घ्यायला व्यासपीठावर चढेन, आणि माईक हातात आला की हेच पत्र मोठ्याने वाचेन, नक्षीपर्यंत सगळं. लोक हसतील, कदाचित खाली ओढतील. दोरी तुमच्या हातात परत येईलच असं वचन मला देता येत नाही, तेही कबूल करतो. त्या दिवशी मी तुझ्या घरी पाय ठेवणार नाही. भावोजी स्वतः "ये" म्हणाले, तरच.

तुझ्या घरातल्या भल्या माणसाला फितूर ठरवून टाळ्या घेणारा,
तुझा पाठचा भाऊ,
चिदानंद